एस्थरबाईंच्या घरातला कोरा चहा

परवा मोबाइलवर एका नव्या थरारपटाचं पोस्टर दिसलं. नायकाचा अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात, आणि मधोमध तडा गेलेली काच. मी सवयीने ते एस्थरबाईंना पाठवायला घेतलं. त्यांचं नाव सगळ्यात वर होतं, कारण गेल्या कित्येक वर्षांत मी दुसऱ्या कुणाला फारसं काही पाठवलेलंच नाही. मग आठवलं, त्यांना जाऊन अजून महिनाही झालेला नाही. पोस्टर तसंच राहिलं. उत्तर काय आलं असतं ते मला माहीत होतं. एकच शब्द आला असता : सुरी.

हा त्यांचा शेरा होता. एका माणसाच्या आत दोन किंवा अधिक माणसं राहतात, अशी गोष्ट सांगणारी कादंबरी असो, सिनेमा असो की मालिका, बाई तिला दोनांपैकी एका वर्गात टाकत. सुरी, किंवा सुरी नाही. आतला दुसरा माणूस हत्यार घेऊन बाहेर आला, की सुरी. अशी पुस्तकं त्या हट्टाने मिळवून वाचत. वाचनालयातून आणत, रद्दीवाल्याकडून उचलत, मला शोधायला लावत. परत देताना पुस्तक माझ्या हातात ठेवून तो एक शब्द म्हणत आणि चष्मा पुसायला लागत. ‘सुरी नाही’ या वर्गात आमच्या सगळ्या ओळखीत एखाददुसरंच पुस्तक गेलं असेल, आणि तेही शेवटच्या प्रकरणात घसरलं.

आम्ही पनवेलच्या एकाच कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होतो. त्या मानसशास्त्र, मी मराठी. बाई ठेंगण्या होत्या. सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालत आणि त्यावरून कुणी हसलं तर त्याच्याकडे असं बघत, की हसणाऱ्याला आपल्या चपला लपवाव्याशा वाटाव्यात. त्यांची माणसं मूळची अलिबागकडची. बेने इस्रायली घरांतले बहुतेक जण इस्रायलला किंवा ठाण्याला निघून गेले, या दोघी बहिणी मात्र तळ्याजवळच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहिल्या. थोरल्या फ्लोराताई. त्यांची तब्येत बरी नसते, एवढंच स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत होतं. मलाही तेवढंच माहीत होतं. मला थोडं जास्त माहीत आहे असं मी समजत होतो, ते वेगळं.

वार्षिक परीक्षेच्या आधी बाई बारावीच्या मुलांना एखादा असा सिनेमा दाखवत. हॉलच्या खिडक्यांना जुनी चादर लावायची, भिंतीवर पडदा. एका वर्षीच्या सिनेमात एक शांत ग्रंथपाल होता. दिवसा तो पुस्तकांना कव्हरं घालायचा आणि रात्री दुसऱ्याच नावाने बायकांच्या मागे फिरायचा. आरशात बघितलं की त्याचे डोळे बदलत, आणि डोळे बदलले की व्हायोलिन वाजे. बाईंनी तिथेच सिनेमा थांबवला.

“आरसा फुटला की समजायचं, मध्यंतर जवळ आलं,” त्या म्हणाल्या. “आता मला सांगा, ह्या माणसाच्या घरी गॅसचा सिलिंडर कोण नोंदवतं? सकाळी उठल्यावर अंगावर दुसऱ्याचेच कपडे बघून हा काय करतो? आणि हा जो दुसरा आहे, तो दर वेळी सुरीच घेऊन का येतो? भाजी घेऊन का येत नाही?”

मागून एक मुलगी म्हणाली, “मॅडम, भाजी घेऊन आला तर तिकीट कोण काढेल?”

बाई हसल्या. त्या आवाज न करता हसत, नुसते खांदे हलत. मग शेवटच्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ग्रंथपाल सरांसारखाच दिसतो, नाही का? सर, रात्री कुठे असता?”

मुलं पुढचा आठवडाभर मला बघून हसत होती. मला त्याचं काही वाटलं नाही. एवढ्या मुलांमध्ये त्यांनी मला शोधून काढलं होतं, ते मी जपून ठेवलं.

त्यांचा एक जुना विद्यार्थी मालिका लिहायला लागला होता. त्याच्या निर्मात्याला घरातल्या धाकट्या सुनेत दुसरी बाई हवी होती, म्हणून तो सल्ला घ्यायला पनवेलला आला. बाईंनी त्याला कँटीनमध्ये बसवून तासभर समजावलं. त्या सुनेला घरात अनोळखी चपला सापडतील, म्हणाल्या. त्या तिच्याच मापाच्या असतील, पण तिने घेतलेल्या नसतील. एकीला केसांना तेल चालेल, दुसरीला त्याचा वास सहन होणार नाही. दुपारी जाग आल्यावर ताटातलं जेवण कुणी खाल्लं ते तिला कळणार नाही, आणि ती खोटं बोलते असं सगळं घर म्हणेल. मुलगा मान डोलवत होता. शेवटी त्याने विचारलं, “पण मॅडम, ह्यात धोका कुठे आहे?”

“सगळे खोटारडी म्हणतात, हाच धोका,” बाई म्हणाल्या.

मालिका आली. तिसऱ्याच भागात धाकट्या सुनेच्या हातात सुरी होती. बाईंनी ती मालिका शेवटच्या भागापर्यंत पाहिली. का पाहता, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, घरात एकाला फार आवडते. घरात बहिणीशिवाय कुणी नव्हतं, म्हणून बहिणीलाच आवडत असेल असं मी धरलं.

रविवारी सकाळी आम्ही तळ्याभोवती चालत असू. माझा आठवडा त्यासाठी असे. त्यांचा नव्हता. दोन फेऱ्या झाल्या की त्या घड्याळाकडे बघत, तिसरी फेरी अर्ध्यावर सोडत, आणि घरी कुणीतरी वाट बघतंय अशा चालीने निघून जात. मला त्या वाट बघणाऱ्याचा हेवा वाटे. आजारी बहिणीचा हेवा वाटणं शोभत नाही, हे मला कळत होतं. कळून काही फरक पडला नाही.

मग एका रविवारी त्या आल्या नाहीत. ताप आहे, असा निरोप आला. मी मोसंबी घेऊन त्यांच्या घरी गेलो. तोवर मी कधी वर गेलो नव्हतो. दार साखळीपुरतं उघडलं. फटीत फ्लोराताईंचा चेहरा होता. मी त्यांना दुरून पाहिलं होतं, मंद, हसऱ्या बाई. हा चेहरा तसा नव्हता. तो माझ्या हातांकडे, मग माझ्या पाठीमागे जिन्यावर बघत होता.

“कोण?” आवाज जाड होता.

मी नाव सांगितलं. मराठी शिकवतो, असंही सांगितलं.

“एकटेच?”

“हो. एकटाच.”

मोसंबी फटीतून आत गेली आणि दार लागलं. जिना उतरताना कडीचा आवाज आला नाही असं वाटून मी पुन्हा वर गेलो आणि दार लोटून पाहिलं. कडी लागलेली होती. ही माझी जुनी खोड आहे. स्वतःच्या घरालाही मी कुलूप लावून दोनदा ओढतो.

पुढच्या रविवारी बाईंनी पहिल्याच फेरीत सगळं सांगितलं. वर्गात एखादा साधा धडा सांगावा तसं. फ्लोराताईंमध्ये तिघं होती. एक स्वतः फ्लोराताई. एक लहान मुलगी, तिला पेरू आवडत आणि अंधार आवडत नसे. आणि तिसरा मला दारात भेटलेला. बाई त्याच्याबद्दल बोलताना ‘तो’ म्हणत. त्यांच्या घरात कुणी कुणाला “तू कोण?” असं विचारत नसे. तो प्रश्न ऐकला की फ्लोराताई घाबरत, आणि मग दिवस वाया जाई. त्याऐवजी बाई विचारत, “चहा कसा देऊ?” फ्लोराताई दोन चमचे साखर सांगत. मुलगी नुसतं दूध मागे. तो कोरा चहा घेई, बिनसाखरेचा. त्यावरून नावं पडली होती. ताई, दूधवाली आणि कोरा चहा.

“त्याला भिऊ नका,” त्या म्हणाल्या. “आम्ही लहान असताना एकदा घराचं दार उघडं राहिलं होतं. ते कुणीतरी बंद करायला हवं होतं. कुणी केलं नाही. म्हणून तो आला. तेव्हापासून कड्या बघतो, बाकी काही करत नाही.”

यापलीकडे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

मालिका कुणाला आवडत होती, ते मी विचारलं. “कोऱ्या चहाला,” त्या म्हणाल्या. “सुनेने सुरी काढली की तो म्हणतो, ही दार लावायला विसरली बघ.”

त्यानंतर मला त्या घरात जायची मुभा मिळाली. शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथचा, शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लावायच्या आधी, बाई तीन थर्मास भरून ओट्यावर ठेवत, कारण शनिवारी त्यांच्याकडे गॅस पेटत नसे. निळ्यात साखरेचा चहा, लालमध्ये दूध, स्टीलच्या थर्मासमध्ये कोरा. त्या स्वतः शनिवारी जे उरेल ते पीत. त्यांना कुठला चहा आवडतो, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी त्या तीन थर्मासांकडे बघत बसे. एका बाईला एका घरात तीन वेळा विचारलं जात होतं, काय हवं म्हणून. माझ्यात एकच माणूस होता, आणि तो रविवार सकाळपुरता होता.

शुक्रवारी मासे घेऊन हिराबाय येई, मोरा बंदराकडची कोळीण. पाटी जिन्यात टेकवून खालूनच ओरडे, “बाय, आज कोन हाय घरात?” एकदा मी दारात उभा होतो, तर मलाच विचारलं. मला माहीत नव्हतं. ती माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघून म्हणाली, “दूधवाली असंल तर काटं काढून देते. नायतर हाय तशीच ठेवते. ती पोर काट्याला भिते ना.” मला जे कळायला वर्षं लागली, ते हिला पाटीसकट माहीत होतं. मग तिने विचारलं, “आनि सर, तुमी? रोज एकच चाय?”

“रोज एकच.”

“मंग सोपं हाय तुमचं,” ती म्हणाली आणि पापलेट साफ करायला बसली.

त्या घरात आणखी एक रीत होती. कुठलीही गोष्ट सगळ्यांना विचारल्याशिवाय ठरत नसे. एकाचंही मत विरुद्ध पडलं तर ती गोष्ट व्हायची नाही. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर जुन्या पांढऱ्या चादरी टाकलेल्या होत्या, कारण कापडाचा रंग ठरेना. ताईंना फुलं हवी होती, दूधवालीला लाल हवं होतं, कोऱ्या चहाला डाग दिसेल असा रंग हवा होता. बाई प्रत्येकाला वेगळं गाठून विचारत आणि उत्तर विसरत नसत. मी एकदा म्हणालो, तुम्हीच एक रंग घेऊन टाका, फ्लोराताई एकच तर आहेत. बाईंनी चष्मा काढला. “सर, तुम्ही वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत हेच करतात,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर येतो आणि ठरवतो, खरा कोण. बाकीचे मेले. लोक टाळ्या वाजवतात.”

आम्ही दोघंही निवृत्त झालो, त्या पावसाळ्यानंतर मी त्यांना विचारलं. तळ्याच्या पायऱ्यांवर, जिथे गणपती उतरवतात तिथे. मी फार दिवस वाक्य जुळवत होतो आणि ते शेवटी साधंच निघालं. माझं घर मोठं आहे, फ्लोराताईंनाही घेऊन या, असं काहीतरी. पाण्यात एक पोरगा म्हशीला धूत होता, त्याच्याकडे बाई बघत राहिल्या.

“विचारून सांगते,” म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्या नेहमीच्या वेळेला आल्या. एक फेरी झाली. मग म्हणाल्या, “सर, एक मत विरुद्ध गेलं.”

मी कुणाचं ते विचारलं नाही. विचारायची गरज वाटली नाही. साखळीच्या फटीतला तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता. दूधवालीसाठी मी पेरू नेत होतो, फ्लोराताई मला बघून पदर सावरून हसत. उरला कोण?

आमच्या फेऱ्या थांबल्या नाहीत. पुस्तकंही थांबली नाहीत. पण त्यानंतर मी ते सिनेमे जरा वेगळ्या मनाने बघू लागलो. शेवटी आतला काळा माणूस पकडला जाई, किंवा औषधाने नाहीसा होई, आणि सज्जन माणूस खिडकीत उन्हात बसलेला दिसे. मला ते बघून बरं वाटे. बाईंना मी तरीही ‘सुरी’ असाच शेरा पाठवत असे. दर शनिवारी तिकडे बाई त्या स्टीलच्या थर्मासचं झाकण उघडत असतील, त्याला विचारत असतील, गरम आहे ना, असं मनात येई. एका बाईचा तिसरा हिस्सा असलेल्या, स्वतःचं नावही नसलेल्या माणसाचा मी इतकी वर्षं मत्सर केला. शेजाऱ्याचा करतात, तसा. त्याच्या आवडीनिवडी मला माझ्यापेक्षा पाठ होत्या.

बाई गेल्या त्या अगदी थोड्या आजारात. छातीत दुखलं, रुग्णालयात नेलं, दुसऱ्या दिवशी संपलं. दफनाच्या वेळी प्रार्थनेला त्यांच्या धर्मातले दहा पुरुष लागतात. ठाण्याहून, अलिबागहून नातेवाईक येईपर्यंत थांबावं लागलं. नऊ झाले, दहावा वाटेत होता. मी तिथेच झाडाखाली उभा होतो. एक म्हातारे गृहस्थ मोजत मोजत माझ्यापाशी आले, माझ्याकडे बघून नम्रपणे हसले, आणि पुढे गेले. मी त्या मोजणीतला नव्हतो.

दुखवट्याचे सात दिवस कुणीतरी सतत त्यांच्या घरी होतं, म्हणून मी गेलो नाही. ते संपल्यावर गेलो. फ्लोराताईंना भाची रूथ ठाण्याला घेऊन जाणार होती. ती आतल्या खोलीत सामान बांधत होती. दार साखळीपुरतं उघडलं, आणि साखळीवरच्या बोटांवरून मला कळलं, कोण आहे.

“एकटेच?”

“एकटाच.”

या वेळी साखळी निघाली. मी चादर टाकलेल्या सोफ्यावर बसलो. त्याने आतून दोन ग्लास आणले. दोन्हींत कोरा चहा. मी तो पहिल्यांदाच प्यालो. कडू होता, आणि गरम. आम्ही दोघं पीत बसलो. आत रूथ चिकटपट्टी ओढत होती, तिचा आवाज येत होता.

मी ठरवून गेलो नव्हतो, पण बोलून गेलो. “तुम्ही माझ्या बाबतीत नाही म्हणालात. मला राग होता त्याचा. आता नाही.” यातलं शेवटचं वाक्य खरं नव्हतं.

त्याने ग्लास खाली ठेवला. “मी हो म्हटलं होतं.”

मीही ग्लास खाली ठेवला.

“तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा जिन्यावरून परत येऊन दार बघितलंत,” तो म्हणाला. “मी आतच उभा होतो. असा माणूस घरात आला तर आपल्याला झोपता येईल, असं मी तिला सांगितलं.”

“मग दूधवाली?”

“ती तर पेरूवरच हो म्हणाली. ताईने साडी काढून ठेवली होती, नेसायची म्हणून.”

“पण एक मत...”

“घरात आम्ही चौघं होतो,” तो म्हणाला. मग उठून, मी येऊन बसल्यावर लावलेली कडी त्याने पुन्हा एकदा हलवून पाहिली.

मी घरी कसा आलो ते नीट आठवत नाही. बाईंनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे सगळ्यांना विचारलं, स्वतःलाही विचारलं, आणि आलेलं उत्तर मला आणून दिलं. अंधारातल्या माणसाच्या हातात सुरी मी ठेवली. इतकी पुस्तकं वाचून, त्यांच्या शेजारून तळ्याला इतक्या फेऱ्या मारून. निदान त्याचा मत्सर तरी सुटायला हवा होता. तो सुटला नाही, फक्त दुसरीकडे गेला. त्या तिघांना चौथी ठाऊक होती. ती काय पिते, कशाला भिते, कशाला नाही म्हणते, हे ती तिघं जाणून होती. मला तिची ओळखही करून दिलेली नव्हती.

किंवा एकदा मी तिला पाहिलं असेल. आता सारखं तेच आठवतं. आमचा शेवटचा रविवार होता, आम्हाला ते माहीत नव्हतं. दोन फेऱ्या झाल्या, तिसरी अर्ध्यावर राहिली. तळ्याच्या कोपऱ्यावर पालेभाज्या घेऊन बसणाऱ्या बाईकडून त्यांनी मेथी घेतली, पिशवी आणली नव्हती म्हणून जुडी तशीच हातात धरली, आणि निघाल्या. गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्या थांबल्या आणि वळल्या. त्या असं कधी करत नसत. मला वाटलं, काही विसरलं असेल. मी हात वर केला. त्यांनी केला नाही. त्या माझ्याकडे बघत उभ्या होत्या, जरा अनोळखी, जरा चुकल्यासारख्या, काही सांगायचं असावं आणि सांगायचं नाही असं ठरलेलं असावं तशा. विमानतळाच्या कामाचा एक डंपर मधून गेला. तो गेल्यावर त्या तिथेच होत्या. मेथीची जुडी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मग त्या वळल्या, आणि त्या पांढऱ्या बुटांनी घराकडे चालू लागल्या.